आरपी करणे : भूमिका की सोंग?

प्रश्न असा आहे : 'धाकटा भाऊ जीटीएच्या (ग्रँड थेफ्ट ऑटो या व्हिडिओ गेमच्या) एका रोलप्ले सर्व्हरवर टॅक्सीवाला होऊन खेळतो आणि "ताई, तूही ये, आरपी कर" म्हणून मागे लागलाय. या आरपी, म्हणजे रोलप्ले, करण्याला मराठीत भूमिका घेणे म्हणावं, भूमिका करणे, की सोंग घेणे? सोंग म्हटलं की मला ढोंगच आठवतं.'

'भूमिका घेणे' आधी बाजूला काढू. हल्ली भूमिका घेतात ते पक्ष, संघटना आणि अग्रलेख. टॅक्सीवाल्याने भूमिका घेतली म्हटलं, तर तो संपावर गेला असंच कुणालाही वाटेल. 'भूमिका करणे' चालेल, पण त्यात संहिता गृहीत धरलेली असते. जीटीए ५ हा २०१३चा खेळ. फाइव्हएम नावाचं सॉफ्टवेअर वापरून लोक त्याचे स्वतःचे सर्व्हर चालवतात, आणि तिथल्या लॉस सँटोस शहरात कुणी काहीही लिहून ठेवलेलं नसतं. अनेक सर्व्हरांवर प्रवेशासाठी अर्ज करावा लागतो, त्यात आपल्या पात्राचा पूर्वेतिहास लिहायचा. तेवढंच काय ते लिखित. पुढे तुम्ही काय बोलणार ते समोरचा काय बोलतो त्यावर ठरणार.

असल्या खेळाला मराठीत शब्द आहे तो सोंगच. दारी येणारा बहुरूपी आठवा. हवालदाराच्या वेषात येतो, तुमच्या नावाचं वॉरंट निघालंय म्हणून दरडावतो. त्याला रंगमंच नाही आणि तुम्हाला संवाद दिलेले नाहीत, तरी तुम्ही 'कसलं वॉरंट?' म्हणालात की खेळात सामील झालात. सिंधुदुर्गातल्या दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, संवाद मात्र नट उभ्या जागी रचतात. मोखाडा-जव्हारकडच्या बोहाड्यात मुखवटे लावून नाचतात त्यांना सोंगंच म्हणतात, आणि भारुडातला एक प्रकार सोंगी भारूड म्हणूनच ओळखला जातो. यात कुणाची फसवणूक नाही, कारण बघणाऱ्याला सगळं ठाऊक असतं. ढोंगात ते लपवलेलं असतं. 'झोपेचं सोंग'सारख्या प्रयोगांनी दोन्ही शब्दांची सरमिसळ केली, हे मात्र खरं.

क्रियापदही बघून घ्या. सोंग घेतात, आणतात, काढतात, आणि जमलं तर ते वठतं. नवख्याचं सोंग बहुधा वठत नाही ते मोठं घेतल्यामुळे. पहिल्याच दिवशी टोळीचा म्होरक्या व्हायचं, तर तुम्हाला म्होरक्या मानणारे चार लोक आणायचे कुठून? कचरागाडी, टॅक्सी, पार्सल पोचवणं ही साधी कामं तिथे असतात. त्यात गिऱ्हाईक आपणहून समोर येतं आणि बोलायला निमित्त मिळतं. तुमच्या भावाने टॅक्सी धरली ती अक्कलहुशारीनेच धरली. (सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही, ही म्हण तिथेही लागू आहे. नव्या पात्राचा खिसा जवळपास रिकामाच असतो.)

आता व्याकरणाची एक गंमत, जी मराठीतून टाइप करणाऱ्यांनाच कळेल. बोलून दाखवता येत नाही अशी कृती '/मी' या आज्ञेने लिहायची असते. (आज्ञा प्रत्यक्षात '/me' अशी रोमन लिपीत टाइप करतात, अर्थ हाच.) खेळ त्या 'मी'च्या जागी तुमच्या पात्राचं नाव छापतो. '/मी पाकीट काढते' लिहिलंत की इतरांना दिसतं, 'शेवंता पाकीट काढते'. वर्तमानकाळात हे बिनबोभाट जमतं, कारण मराठीत 'मी काढते' आणि 'ती काढते' यांत क्रियापद तेच राहतं. भूतकाळात गेलात की फसलात. '/मी पाकीट काढलं'चं 'शेवंता पाकीट काढलं' होतं आणि 'ने' कुठे गेला म्हणून लोक हसतात. भविष्यकाळातही तेच, 'शेवंता पाकीट काढीन'. 'माझं पाकीट' लिहिलं तर आणखी घोटाळा, तिथे 'आपलं' किंवा 'स्वतःचं' हवं.

नवख्यांना सर्वाधिक ओरडा बसतो तो पॉवरगेमिंगवरून, म्हणजे समोरच्याच्या वाट्याचं आपणच ठरवून टाकण्यावरून. '/मी त्याच्या हातातली किल्ली हिसकावते' असं लिहिलं की संपलंच, त्याला काही करायची संधीच राहिली नाही. इथे आपल्याकडे एक सुरेख प्रयोग तयार आहे : 'हिसकावू पाहते'. प्रयत्न तुमचा, निकाल त्याचा. 'करण्याचा प्रयत्न करते' असली लांबण लावायची गरजच नाही.

दुसरा दोष मेटागेमिंगचा. भावाने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं की बँकेवर दरोडा पडणार आहे. ते तुम्ही ऐकलंत, पण शेवंताने नाही ना ऐकलं. दशावतारातला राजा आणि राक्षस शेजारी बसून तोंड रंगवतात, पण साधूच्या वेषात आलेल्या राक्षसाला राजा ओळखत नाही. याला एकशब्दी मराठी प्रतिशब्द घडवायच्या भानगडीत मी पडणार नाही. 'बाहेरची खबर आत वापरणे' एवढं म्हटलं की कुणालाही समजतं.

पात्र सोडून मध्येच हसू लागणं, 'माईक खराब आहे रे' म्हणणं, याला मात्र नाटकवाल्यांचा शब्द जसाच्या तसा उचला : बेअरिंग सुटणे. रूप इंग्रजी असलं तरी शब्द मराठी रंगभूमीवर पक्का रुळलेला आहे, आणि 'बेअरिंग सांभाळ' हे भावाला विंगेतून ओरडल्यासारखं सांगताही येतं.

राहता राहिलं ओओसी, म्हणजे पात्राबाहेरचं बोलणं. काही जण त्याला 'जनांतिक' सुचवतात. ते पटत नाही. संस्कृत नाटकात त्रिपताक (अनामिका मुडपलेला) हात आडवा धरून दुसऱ्या पात्राशी हळूच बोलतात ते जनांतिक. पण ते बोलतं पात्रच, नट नव्हे. खेळात कानात कुजबुजण्याची सोय असेल तर तिला हा शब्द शोभेल. ओओसीला सध्या ओओसीच म्हणा.