गॅसभट्टी आणि लोखंडावरील खपली

प्रश्न : गॅसभट्टीत तापवलेल्या लोखंडावर काळी खपली फार धरते. उपाय काय?

उत्तर : भट्टीत जळणाऱ्या प्रोपेन वायूच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी आकारमानाने सुमारे २४ भाग हवा लागते, त्याहून जास्त हवा गेली की उरलेला ऑक्सिजन तापलेल्या लोखंडाशी संयोग पावतो आणि खपली धरते. म्हणून भट्टीच्या तोंडाशी पिवळसर, मऊ ज्वाळा जेमतेम डोकावू लागेपर्यंत हवेची झडप हळूहळू मिटावी. तोंड अर्धे विटेने झाकल्यास बाहेरची हवा आत कमी शिरते, आणि हे बहुतेकजण विसरतात. तरीही ज्वलनातील वाफ व कार्बन डायऑक्साइड लोखंडाला थोडे खातातच, तेव्हा तुकडा विनाकारण आत ठेवू नये. अशा कमी हवेच्या पिवळसर ज्वाळेतून वासरहित, विषारी कार्बन मोनॉक्साइड निघतो. खोली हवेशीरच हवी.