वाचकांचे प्रश्न: व्यसनातून सावरणाऱ्या स्त्रियांसाठी निवारा

प्रश्न: मी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका आहे. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचे व्यसन जडलेल्या अनेक स्त्रिया मी नोकरीत पाहिल्या. उपचारांनंतर त्या पुन्हा त्याच घरी जात आणि काही महिन्यांनी परत दाखल होत. माझे वडिलोपार्जित दुमजली घर रिकामे आहे. तेथे अशा स्त्रियांसाठी ना-नफा तत्त्वावर आधारगृह सुरू करावे, असे मनात आहे. सुरुवात कोठून करावी?
– एक वाचक, सांगली

उत्तर: आपल्या पत्रातच उत्तराचा मोठा भाग आला आहे. या स्त्रियांना उपचार मिळाले होते. उपचारांनंतर राहायला सुरक्षित जागा मिळाली नव्हती. म्हणून आपण तेवढीच जबाबदारी घ्यावी आणि व्यसन सोडवण्याचा पहिला, वैद्यकीय टप्पा रुग्णालयाकडेच ठेवावा, असे मी आग्रहाने सुचवते. रोज भरपूर पिणाऱ्या व्यक्तीची दारू एकाएकी थांबली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, त्यानंतर भ्रम होऊ शकतो आणि वेळेवर औषधोपचार न मिळाल्यास ते जिवावर बेतू शकते. झोपेच्या गोळ्याही डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्या लागतात. रात्री डॉक्टर उपलब्ध नसलेल्या घरात हा धोका पत्करू नये. जवळच्या रुग्णालयाच्या मनोविकार विभागाशी लेखी करार करावा आणि तेथून स्थिर होऊन आलेल्या स्त्रियांनाच प्रवेश द्यावा.

पुण्याचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या मदतीने सुरू केले. स्त्रियांसाठीचा ‘निशिगंध’ हा तेथील स्वतंत्र विभाग मात्र पुष्कळ वर्षांनंतर उभा राहिला. आपण तेथे जाऊन काम जरूर पाहावे. स्त्रियांसाठी वेगळी जागा उभी राहायला वेळ लागतो, याचे एक कारण आकडेवारीतही आहे. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारू पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांचे १.६ टक्के आहे. ‘एवढ्या थोड्या स्त्रियांसाठी वेगळे घर कशाला?’ असे देणगीदार आपल्यालाही विचारतील. त्यांना सांगावे की पुरुषाला त्याची बायको किंवा आई उपचारांना घेऊन येते, खर्चासाठी प्रसंगी दागिने मोडते. स्त्रीचे व्यसन मात्र घरचे लोक लपवतात आणि उघड झाले की तिला माहेरी धाडून मोकळे होतात. ज्या स्त्रीला आणणारे कोणी नाही, ती उपचार केंद्रांच्या नोंदींत दिसणार तरी कशी?

आता परवानगीविषयी. ‘आम्ही औषधे देत नाही, फक्त राहायला जागा देतो, म्हणून नोंदणी लागत नाही’ असा समज अनेकांचा असतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही येतात, आणि मानसिक आरोग्य आस्थापनेच्या व्याख्येत प्रकृती सुधारेपर्यंतच्या किंवा पुनर्वसनाच्या निवासाची ठिकाणेही येतात. त्यामुळे पहिली स्त्री राहायला येण्यापूर्वीच राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणीची चौकशी करावी.

हाच कायदा आपल्या घराची नियमावली ठरवतानाही उपयोगी पडेल. स्त्रीला स्वतःचे कपडे घालण्याचा अधिकार आहे, तिचे केस सक्तीने कापता येत नाहीत, पाळीच्या काळात लागणाऱ्या वस्तू तिला मिळाल्याच पाहिजेत आणि तिची माहिती गोपनीय राहिली पाहिजे. देणगीदारांना दाखवण्यासाठी तिचे छायाचित्र काढू नये, हे मी त्यात माझ्या वतीने जोडते. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी ‘हिला ठेवून घ्या’ म्हटले, तरी तिची स्वतःची संमती नसेल तर आपण तिला ठेवून घेऊ नये. तिला कोंडून ठेवणे तर कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नये.

मुलांचा विचार मात्र आजच करावा, कारण अनेक आया मुलांच्या काळजीपोटी उपचारांना नकार देतात. तीन वर्षांखालील मूल, त्याला धोका नसेल तर, आईपासून सहसा वेगळे करू नये, असे कायदा सांगतो. मोठ्या मुलांबाबत निर्णय आपल्याला घ्यावा लागेल. दोन खोल्या आयांसाठी आणि मुलांसाठी राखून ठेवाव्यात आणि जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांशी आधीच बोलून ठेवावे. घर मोठे असले तरी पहिल्या वर्षी पाच-सहा जणींनाच घ्यावे. वास्तू आपली आहे. खरा खर्च रात्रपाळीच्या सेविकांचा, समुपदेशकाचा आणि स्वयंपाकाचा येईल. वर्षभराचे पगार हाती असल्याशिवाय उद्घाटनाची तारीख ठरवू नये. एखादी स्त्री ‘स्लिप’ झाली, म्हणजे पुन्हा व्यसनाकडे वळली, तर तिला त्याच रात्री बाहेर काढायचे नाही, रुग्णालयात न्यायचे आणि उपचारांनंतर परत घ्यायचे, हे सेविकांना पहिल्याच दिवशी लेखी द्यावे.

प्रश्न: आम्ही पाच मैत्रिणी अशीच संस्था काढत आहोत. न्यास करावा, सोसायटी की कंपनी? अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून देणगी घेता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: सोसायटीसाठी किमान सात सदस्य लागतात, त्यामुळे पाच जणींना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेला न्यास सोयीचा पडेल. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी दोघींनाही काढता येते. परंतु तिचा वार्षिक हिशेबांचा व्याप मोठा असतो. नोंदणी झाली की संस्थेच्या उत्पन्नावरील आणि देणगीदारांना मिळणाऱ्या प्राप्तिकर सवलतीच्या नोंदण्यांसाठी (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात १२अ आणि ८०जी) लगेच अर्ज करावा. नातेवाईक भारतीय नागरिक असतील आणि स्वतःच्या बचतीतून देत असतील, तर त्यांची देणगी परकीय ठरत नाही. पारपत्राची प्रत मात्र जपून ठेवावी. त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर परकीय योगदान कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी मिळेपर्यंत त्यांच्याकडून एक रुपयाही स्वीकारू नये.