मोबाईलवर सूचना नसतात

आदरणीय ताई,

मी 47 वर्षांचा असून उद्यमबागेत माझे लेथ मशीनचे छोटे वर्कशॉप आहे. आमचे कुटुंब तीन पिढ्यांपासून बेळगावातील एका प्रोटेस्टंट मंडळीचे सभासद आहे; परंतु गेल्या दीड वर्षापासून मी रविवारच्या उपासनेस जाणे बंद केले आहे. पाळकसाहेबांचा उपदेश पाऊण तास चालतो आणि त्यात नवे काही नसते. इमारत निधीच्या हिशेबावरून कमिटीत दोन तट पडले आहेत. नऊ वाजताची मराठी उपासना साडेसातवर ढकलून ती वेळ कन्नड उपासनेला दिली, हे तर मला मुळीच मान्य नाही. मी श्रद्धा सोडलेली नाही. रोज पहाटे शास्त्र वाचतो, रविवारी मोबाईलवर पुण्यामुंबईच्या उत्तम वक्त्यांचे उपदेश ऐकतो, वर्गणी वेळेवर भरतो. प्रार्थनेसाठी खोलीत जाऊन दार लावून घ्यावे, असे प्रभूनेच सांगितले आहे. पत्नी गायकमंडळात असल्यामुळे ती जाते. मंडळीतल्या गोष्टी घरात आणायच्या नाहीत, एवढे मात्र मी तिला बजावले आहे. पुढील वर्षी मुलीचे दृढीकरण, म्हणजे मंडळीची पूर्ण सभासद होण्याचा विधी, आहे. परवा तिने विचारले, "पप्पा, तुम्ही येत नाही, तर मी का जायचे?" मला उत्तर सुचले नाही. केवळ सवयीने बाकावर येऊन बसणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. माझ्या शेजारी एक वृद्ध मावशी बसत, त्यांना अंधुक दिसत असल्यामुळे गीत मी काढून देत असे. त्या पावसाळ्यात वारल्याचे मला दसऱ्यानंतर रविवार पेठेत कोणाकडून तरी कळले. पण तो मुद्दा नाही. देवावर विश्वास असलेल्या माणसाला चर्चला जाण्याची खरोखर गरज आहे का, हा मुद्दा आहे. चर्च घरापासून स्कूटरवर वीस मिनिटांवर आहे, तेव्हा अंतराची सबब मी सांगत नाही.

— एक सभासद, बेळगाव

बंधू,

तुमच्या पत्रातील जे एक वाक्य मुद्द्याचे नाही असे तुम्ही म्हणता, त्याच वाक्याला मी उत्तर देणार आहे. त्या मावशींच्या शेजारी तुम्ही किती वर्षे बसलात हे तुम्ही लिहिलेले नाही. पण मी 36 वर्षे शाळेत मराठी शिकवले असल्यामुळे "काढून देत असे" हा रीतिभूतकाळ कोणी दोन-चार रविवारांसाठी वापरत नाही, एवढे मला समजते. क्रमांक पुकारला गेला की आधी त्यांच्या पुस्तकात पान काढायचे, कडव्यावर बोट ठेवून पुस्तक त्यांच्या हातात द्यायचे आणि मग आपले उघडायचे, असे ते असणार. दीड वर्षापूर्वी तुम्ही जाणे बंद केले आणि मावशी या पावसाळ्यात वारल्या. मधल्या सुमारे एका वर्षाच्या रविवारी त्यांचे पान कोणी काढले? हा प्रश्न तुम्हाला पडलेला पत्रावरून दिसत नाही.

चर्चमधून आपल्याला काय मिळते, याचा हिशेब तुम्ही व्यवस्थित मांडला आहे: उपदेश निकृष्ट, कारभार वादग्रस्त, वेळ गैरसोयीची. वर्कशॉप चालवणाऱ्या माणसाला आवक-जावक दोन्ही लिहावी लागतात हे मी सांगायला नको, पण येथे तुम्ही आवकेचेच पान लिहिले आहे. तुमच्याकडून त्या बाकावर जे जात होते त्याची नोंद तुमच्या हातून चुकून झाली आणि लगेच तुम्ही ती खोडलीत.

आता त्यांच्या निधनाची बातमी पाहू. आपल्या उपासनेत सूचना म्हणून एक भाग असतो आणि तो सर्वांना कंटाळवाणा वाटतो, मलाही वाटतो. स्त्रियांची सभा बुधवारी आहे, अमुक कुटुंबाच्या घरी शुक्रवारी प्रार्थना आहे, छत गळत असल्यामुळे मागच्या दोन रांगांत बसू नये, अमुक बंधू इस्पितळात आहेत. मावशी गेल्या त्या आठवड्यात याच यादीत त्यांचे नाव वाचले गेले असेल आणि मंडळी क्षणभर उभी राहिली असेल. तुमच्या पुण्यामुंबईच्या वक्त्यांचा आवाज चांगला असेल, त्यांचा अभ्यासही आमच्या पाळकांपेक्षा दांडगा असेल. पण त्यांच्याकडे सूचना नसतात. बेळगावातल्या एका म्हाताऱ्या बाईला दिसत नाही हे त्यांना ठाऊक नसते आणि ती गेली तर त्यांचा पुढचा उपदेश ठरल्या वेळी सुरू होतो. मावशींच्या पेटीला खांदा द्यायला आणि मूठभर माती घालायला तुम्ही नव्हता, कारण तुम्ही ऐकत होता त्या उपासनेत ही बातमी येण्याची सोयच नव्हती.

परंतु तुमच्या घरात ती बातमी आलेली होती, आणि यासाठीच तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुमची पत्नी गायकमंडळात आहे. मावशी गेल्याचे तिला त्याच आठवड्यात कळले असणार. कदाचित दफनाच्या वेळी तिने गीतही म्हटले असेल. ती घरी आली, स्वयंपाकाला लागली आणि तुम्हाला काही बोलली नाही, कारण मंडळीतल्या गोष्टी घरात आणायच्या नाहीत, असे तुम्ही तिला बजावले होते. पूर्वी मराठीत पुरुष आपल्या बायकोला "आमची मंडळी" म्हणत. तुम्ही घरची मंडळी गप्प केली आणि चर्चची मंडळी सोडली, आणि मग एका मृत्यूची वार्ता तुम्हाला रविवार पेठेत, बहुधा कांद्याच्या पोत्यांमधून वाट काढताना, परक्या माणसाकडून कळली. तुमच्या पत्नीलाही मी यात निर्दोष मानत नाही. मनाई राजकारणाला होती, मरणाला नव्हती, एवढा फरक तिने करायला हवा होता. पण तिचे पत्र मला आलेले नाही, तुमचे आले आहे.

खोलीत जाऊन दार लावण्याचे वचन तुम्ही पुढे केले आहे. ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायाचे सहावे वचन आहे आणि लोकांना दिसावे म्हणून चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करणाऱ्या ढोंगी माणसांविषयी ते बोललेले आहे. तुम्ही तेथेच पुस्तक मिटले. आणखी तीनच वचने वाचली असती, तर त्याच प्रभूने शिकवलेली प्रार्थना लागली असती आणि तिचा आरंभ "आमच्या" या शब्दाने होतो. पिता आमचा, भाकर आमची, ऋणे आमची; "माझे" म्हणून त्या प्रार्थनेत काहीच नाही. खोलीत एकट्याने ती जरूर म्हणावी, पण "आमच्या" म्हणताना डोळ्यांसमोर आणण्यासाठी काही माणसांची तोंडे ठाऊक असावी लागतात.

उपदेशाविषयी थोडक्यात सांगते. पाऊण तास फार झाला, हे मला मान्य आहे. प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला तेव्हा युतुख नावाचा तरुण पेंगून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडला, हे प्रेषितांच्या कृत्यांत लिहून ठेवणाऱ्याने काही लपवलेले नाही. तरीही उपासना म्हणजे उपदेश आणि बाकीचे सारे त्याच्या आधीचे व नंतरचे सामान, अशी जी समजूत आपल्या लोकांत, विशेषतः शिकलेल्या पुरुषांत, रुजली आहे, ती चुकीची आहे. पापकबुली सर्वांनी एका आवाजात म्हणायची असते, म्हणजे निधीवरून भांडणारे दोन्ही तट एकाच वाक्यात आपला दोष कबूल करतात, निदान तोंडाने तरी. आजाऱ्यांची नावे घेऊन प्रार्थना होते. प्रभुभोजनात भाकर आणि प्याला दुसऱ्या माणसाच्या हातून घ्यावा लागतो. यांतील एकही गोष्ट चांगल्या वक्तृत्वावर अवलंबून नाही आणि यांतील एकही तुम्हाला कानात यंत्र घालून मिळणार नाही.

वाईट मंडळीविषयी बोलायचे, तर लूकच्या चौथ्या अध्यायात येशू "आपल्या परिपाठाप्रमाणे" शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, नासरेथच्या सभास्थानात गेला, असे लिहिले आहे. परिपाठ हा शब्द तुम्ही शाळेत रोज सकाळी अनुभवलेला आहे. ज्या सवयीला तुम्ही नावे ठेवता, ती त्यालाही होती. त्या दिवशी त्याच्या गावच्या त्याच मंडळीने त्याला डोंगराच्या कड्यावरून लोटून देण्यासाठी नेले. तो त्यांच्यामधून निघून गेला आणि पुढे कफर्णहूमात शब्बाथ दिवशी पुन्हा सभास्थानात शिकवताना आपल्याला दिसतो. तुमच्याकडे फक्त हिशेबाच्या वहीवरून वाद झाला आहे.

मराठी उपासनेच्या वेळेबद्दलचा तुमचा राग मला समजतो. 1956 नंतर या सीमाभागात मराठी माणसाने पाटीवरच्या अक्षरापासून सातबाऱ्यावरील नोंदीपर्यंत प्रत्येक ठिकाणी भाषेसाठी झगडून पाहिले आहे, आणि चर्चमध्येही आपणच मागे सरायचे का, असे मनात येणे स्वाभाविक आहे. पण कमिटी बाके मोजते. नऊ वाजता मराठी बाके अर्धी रिकामी आणि कन्नड मंडळी दारात उभी, असे चित्र असेल, तर ती बाके रिकामी करणाऱ्यांत एक जागा तुमचीही धरावी लागते. मराठीच्या अभिमानापायी मराठी उपासनेला न जाणे ही युक्ती माझ्या बुद्धीला झेपत नाही. कन्नड भाषिकांनी तुमची वेळ घेतली म्हणता. तुम्ही रविवारी सकाळी त्या वेळेचे काय करत होता?

संस्थेला कंटाळलेला मनुष्य काय करतो, याचे आपल्या भाषेतले मोठे उदाहरण नारायण वामन टिळकांचे आहे. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आपल्या गीतपुस्तकाला अभंग-ओवीची लय दिली आणि मिशनमध्ये वर्षानुवर्षे काम करून 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. मिशनच्या परकी वळणाबद्दल त्यांची तक्रार तुमच्या तक्रारीपेक्षा कितीतरी खोल होती. पण बाहेर पडून ते खोलीचे दार लावून बसले नाहीत. साताऱ्यास त्यांनी "देवाचा दरबार" उभा केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. दरबार म्हटला की माणसे आलीच. तुमच्या वर्कशॉपमधला एखादा कामगार आषाढीला दिंडीत जात असेल, तर त्याला विचारून पाहा की, मोबाईलवर हरिपाठ ऐकला म्हणजे वारी झाली का. तो तुमच्या पगारावर आहे म्हणून कदाचित हसणार नाही.

या शहरात लंडन मिशनचे जोसेफ टेलर 1820 मध्ये आले. त्या काळी बाप्तिस्मा घेणाऱ्याला पंगत, पाणवठा आणि सोयरीक, तिन्ही ठिकाणी दार बंद होत असे. त्याच्या आजारपणात उशाशी बसायला आणि मेल्यावर खांदा द्यायला रविवारी शेजारी बसणारी माणसेच असत. त्या लोकांनी "विश्वास असताना एकत्र जमण्याची गरज काय" असा प्रश्न विचारला नाही, कारण गरज त्यांच्या अंगणात उभी होती. आज तुमच्याकडे नातेवाईक आहेत, वर्कशॉप आहे, विमा आहे, म्हणून ती गरज तुम्हाला दिसत नाही. मावशींना ती होती. त्यांना दिसत नव्हते.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही माझ्याकडे मागू नका आणि तिला शास्त्रवचनेही ऐकवू नका. पंधरा वर्षांच्या मुली बापाचे बोलणे ऐकत नाहीत, त्याच्या चपला दारात आहेत की नाहीत ते पाहतात. आधी आजच संध्याकाळी पत्नीजवळ बसून मावशींचे दफन कोठे झाले, किती माणसे होती, कोणते गीत म्हटले, हे सर्व विचारा आणि मध्ये न बोलता ऐकून घ्या. मग येत्या रविवारी साडेसातच्या मराठी उपासनेला जा. कमिटीवर चर्चेसाठी किंवा वेळेबाबत निवेदन देण्यासाठी नव्हे. त्याच बाकावर बसा. मावशींच्या जागी कोणी बसले असेल, तर त्याच्याकडे गीतपुस्तक आहे की नाही ते पाहा. कोणी नसेल, तर मागे वळून पाहा, आपल्या मंडळीत मोतीबिंदूला तोटा नाही. उपदेशात डुलकी लागली तरी चालेल, सूचनांच्या वेळी मात्र जागे राहा. प्रार्थनेसाठी नावे विचारली जातील तेव्हा उभे राहून मावशींच्या घरच्यांचे नाव घ्या. त्यांच्यामागे कोण आहे हे तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणूनच पत्नीला आज विचारायला सांगितले.

चर्च वीस मिनिटांवर आहे असे तुम्ही लिहिता, परंतु तो रिकाम्या रस्त्याचा हिशेब असणार. सातला निघा, म्हणजे पहिले गीत चुकणार नाही.