निळी पाठ, केशरी छाती

प्रश्न : सिंहगडाच्या पायथ्याशी ओढ्यालगतच्या दाट झाडीत चिमणीहून लहान, निळ्या पाठीचा, केशरी छातीचा पक्षी दिसला. सोबतचे कुणी खंड्या म्हणाले, कुणी रॉबिन. नक्की कोण? तसाच एक आमच्या बागेत येतो, पण बाजरी ठेवली तरी शिवत नाही.
– एक वाचक, पुणे

उत्तर : वर्णनावरून हा टिकेलचा निळा माशीमार, म्हणजेच निलिमा. खात्रीसाठी आधी गळा पाहा. नराचा गळा आणि छाती सलग केशरी, त्याखाली पोट एकदम पांढरं. गळा निळा आणि केशरी फक्त छातीवर असेल, तर तो निळ्या गळ्याचा माशीमार. तो हिवाळी पाहुणा आहे. टिकेलचा मात्र बाराही महिने इथेच राहतो. पांढरी ठसठशीत भुवई असेल आणि पक्षी जमिनीवरच टुणटुण उड्या मारत असेल, तर निळा रॉबिन. खंड्याची लांब चोच आणि आखूड शेपूट पाहिली की तो गोंधळ उरत नाही.

सावलीत नराची पाठ काळपट दिसते, फोटोतही फसगत होते. मादी फिकट, करड्या झाकेची. पावसाळ्यात ठिपकेदार तपकिरी पण निळ्या पंख-शेपटीचा पक्षी दिसला, तर ते याचंच पिल्लू समजा.

रंगापेक्षा बसण्याची ढब जास्त उपयोगी पडते. खालच्या, सावलीतल्या फांदीवर हा ताठ बसतो, शेपटीला झटके देतो, हवेतला किडा टिपतो. कधी जमिनीवरचा किडाही उचलतो. अंधार पडू लागला तरी त्याची शिकार चालूच असते. ‘टिक्-टिक्’ आवाज आणि मग धातूसारखी किणकिणती छोटी लकेर ऐकू आली, की तिथेच थांबा आणि नजर खाली ठेवा. बहुतेक जण उगाच शेंड्यांकडे पाहत बसतात.

बाजरी त्याच्या कामाची नाही, त्याला किडे हवेत. झुडपांखालचा पालापाचोळा झाडून जाळू नका, कीटकनाशक फवारू नका. सावलीत उथळ पसरट भांड्यात दोन-तीन सेंटिमीटर पाणी ठेवा आणि ते रोज बदला. खोल भांड्यात लहान पक्षी उतरायला बिचकतात.

उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत मातीच्या कडेतल्या किंवा झाडाच्या ढोलीतल्या पोकळीत घरटं असतं, अंडी तीन ते पाच. त्या काळात मोबाइलवर त्याची शीळ अजिबात वाजवू नका. नर ती प्रतिस्पर्ध्याची समजून हद्द राखायला धावतो आणि पिल्लांना भरवायचा वेळ त्यातच जातो.