वाचकांचे प्रश्न : पार्ट कंपनीचा की बाहेरचा?

प्रश्न : फ्रंट लोड वॉशिंग मशीन स्पिनला लागली की घरघर करते. मेकॅनिक म्हणतो, बेअरिंग गेलं. कंपनीचंच घ्यावं का?

उत्तर : बेअरिंग बाहेरचं घ्यायला हरकत नाही. मशीनची कंपनी ते सहसा स्वतः बनवत नाही, बेअरिंगवाल्यांकडून घेऊन आपल्या खोक्यात घालते. जुन्याच्या कडेवर नंबर असतो. 6206 असेल तर आतलं भोक 30 मिमी, बाहेरचा व्यास 62, जाडी 16. बेअरिंग कुठल्याही कंपनीचं असो, माप तेच. पुढची अक्षरंही जुळवा : 2आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण. मात्र नावाजलेल्या कंपनीचंच बेअरिंग घ्या. नकली मालावरही नंबर तोच छापलेला असतो.

खरी मेख ऑइल सीलमध्ये, म्हणजे ड्रम फिरवणाऱ्या दांड्याभोवतीच्या (शाफ्टभोवतीच्या) रबरी कड्यात आहे. बहुतेक वेळा आधी सीलची कड झिजते, टबातलं पाणी शाफ्टवरून आत झिरपतं, ग्रीस धुऊन जातं, गोळ्या गंजतात, आणि मग आवाज सुरू होतो. त्यामुळे जुनं सील ठेवून नुसतं बेअरिंग बदलणं म्हणजे पैसे वाया. सील मात्र मॉडेल नंबर सांगून कंपनीचंच मागवा. आत-बाहेरचं माप जुळलं तरी कडेची रचना वेगळी असू शकते, आणि तसं सील लवकर गळायला लागतं. बसवताना कडेला वॉटरप्रूफ ग्रीस हवंच. शाफ्टवर सील टेकतं तिथे नख फिरवून पाहा. खाच लागली तर नवं सीलही टिकणार नाही, ड्रममागचा तीन हातांचा स्पायडर शाफ्टसकट बदलावा लागेल.

प्रश्न : एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये नुसती गुणगुण, कॉम्प्रेसर उचलत नाही. कंडेन्सर (कॉम्प्रेसरचा कपॅसिटर) बाहेरचा चालेल?

उत्तर : साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला एसी असेल तर चालेल. क्षमतेचा, म्हणजे मायक्रोफॅरडचा (µF) आकडा जुन्यावर आहे तोच हवा. व्होल्टेज जास्त चालतं, कमी नाही : 440 च्या जागी 370 चा लावू नका. डोकं फुगलेलं असेल तर मोजायचीही गरज नाही. वीज बंद केली तरी त्यात चार्ज उरतो, म्हणून टर्मिनलला हात मेकॅनिकनेच लावावा.

इन्व्हर्टर एसीत बहुधा बोर्ड तपासावा लागतो, आणि बोर्ड कंपनीचाच घ्या. दिसायला हुबेहूब असला, तरी आत दुसऱ्या मॉडेलचा प्रोग्रॅम असेल तर एसी एरर दाखवून बसेल.