स्वतः जोडलेला पीसी अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होतो. नेमका कोणता भाग खराब आहे हे कसं ओळखायचं?

‘विंडोज दोनदा टाकून झालं तरी होतंय’ हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. माझं तीनदा टाकून झालं होतं, दर खेपेला दुकानदाराला ५०० रुपये देऊन.

तुम्ही लिहिलंय की रायझन ५ ५६०० आहे, ८-८ जीबीच्या दोन रॅम आहेत, कधी गेममध्ये तर कधी नुसता डेस्कटॉप उघडा असताना पीसी फट्‌कन रीस्टार्ट होतो, एररचा निळा पडदा येत नाही. आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतं म्हणून मित्र एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बदल म्हणतोय. बदलू नका. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या खेपेला विंडोज नीट बंद झालं नव्हतं. लाइट गेली तरी ४१, बटण दाबून धरलं तरी ४१. नावात पॉवर आहे म्हणून एसएमपीएसवर आळ घेणं म्हणजे आडनाव पाटील दिसलं की त्याच्याकडे गावकी मागायला जाणं.

हा आळ मीही घेतला होता. ४,५०० रुपये गेले.

आम्ही इचलकरंजीचे. २०२० च्या मार्चमध्ये सगळे पार्ट येऊन पडले आणि लॉकडाउन लागला. ताई आणि दाजी आमच्याकडेच अडकले. दाजी वायरिंगची कामं घेतात, त्यामुळे स्क्रूड्रायव्हर दिसला की त्यांचा हात आपोआप पुढे होतो. दोघांनी मिळून मशीन जोडलं. रायझन ५ ३६००, बी४५० चा छोटा मदरबोर्ड, वर चांगलं वजनदार ग्राफिक कार्ड. चार महिने झकास चाललं आणि मग सुरू झालं, आठवड्यातून एकदा, मग रोज, मग दिवसातून तीनदा.

दाजींचं निदान फोनवरच तयार होतं. ‘मागांचं गाव आहे, व्होल्टेज नाचतंय. एसएमपीएस मार खातोय.’ नवा एसएमपीएस आणला. फरक शून्य. ‘मग स्टॅबिलायझर लाव.’ तोही लावला. दुकानात नेलं तर त्यानं फॉरमॅट मारला, दोन दिवस चालवून दाखवला आणि म्हणाला, ‘इथं तर मस्त चालतोय, तुमच्या घरचाच प्रॉब्लेम.’ घरी आणला की तासाभरात रीस्टार्ट. आता दाजी आणि दुकानदार एका बाजूला, मी दुसऱ्या.

रात्रभर मेमटेस्ट८६, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, लावला. चार फेऱ्या झाल्या, एकही एरर नाही, रीस्टार्टही नाही. रात्री टेबलाला कोणी धक्का लावत नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

शेवटी वैतागून सगळं कॅबिनेटबाहेर काढलं. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, तीच रॅम, तोच एसएमपीएस, तेच कार्ड, आणि पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरनं टेकवून चालू केला. तीन दिवस चालला. परत कॅबिनेटमध्ये बसवला, ४० मिनिटांत रीस्टार्ट. म्हणजे पार्ट सगळे धडधाकट, रोग डब्यात.

बोर्ड पुन्हा काढून उलटा केला तर मागच्या हिरव्या थरावर एक गोल ओरखडा, पार तांबं दिसेपर्यंत. बोर्डाला स्क्रूची भोकं सहा आणि खाली पत्र्यावर पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे खुंट) सात! सातवा चुकीच्या भोकात पिळलेला, वर स्क्रू नाही, नुसता बोर्डाला खालून टेकलेला. चार महिने घासून थर गेला आणि शॉर्ट व्हायला लागला. टॉवर उभा असताना कार्डाच्या वजनानं बोर्ड किंचित वाकायचा, टेबलाचा खण आपटला की हलायचा. दुकानदाराच्या काउंटरवर मात्र कॅबिनेट आडवं झोपवलेलं असायचं. म्हणून ‘इथं मस्त चालतोय’.

तो स्टँडऑफ काढला. मशीन आजही तेच आहे.

तेव्हा एकच सांगतो, पार्ट विकत घेण्याआधी मशीन खोक्यावर मांडून बघा. फुकट आहे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. ‘फॉरमॅट मारा’ म्हणणाऱ्या माणसाला निदान करायचं नसतं, गिऱ्हाईक वाटेला लावायचं असतं.

दाजी अजूनही म्हणतात, ‘म्हणून सांगत होतो, असेंबल नको, ब्रँडेड घे.’ ब्रँडेडमध्ये हे झालं नसतं, मान्य. पण बोर्ड बसवताना मी प्रोसेसरची पेस्ट शोधत होतो आणि स्टँडऑफ पिळत होते ते कोण? ताईच्या घरी जेवायला बसून हे बोलता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

आता न्यायाला धरून तेही सांगतो. माझ्यासारखं तुमचं असेलच असं नाही, हा प्रकार तसा दुर्मीळ. तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय एक्सएमपीवर, म्हणजे रॅम साध्यापेक्षा जास्त स्पीडवर चालवणाऱ्या सेटिंगवर. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन तो बंद करा, रॅम साध्या स्पीडवर चार दिवस चालवा. थांबलं, तर एकेक रॅम वेगळी लावून एक्सएमपीसकट मेमटेस्ट करा. एक एरर आली तरी ती रॅम वॉरंटीत द्या, ‘एकच तर आहे’ म्हणू नका. नुसतं बसल्या बसल्या रीस्टार्ट होत असेल तर बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ टिपिकलवर ठेवून बघा. मल्टिमीटरवर १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी, पण क्षणभराची बुडी त्यावर दिसत नाही, त्यामुळे आकडा बरोबर आला म्हणजे एसएमपीएस सुटला असं नाही. हे वाचणाऱ्या कुणाकडे इंटेलचा तेराव्या-चौदाव्या पिढीचा आय७ किंवा आय९ असेल, तर आधी बायोस अपडेट करा. जास्त व्होल्टेजचा तो घोळ इंटेलनंच २०२४ मध्ये कबूल केलाय आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली आहे.

आणि हो, दाजींचं एक खरं निघालं. माझ्या भिंतीवरच्या लाइटच्या बोर्डातल्या सॉकेटला अर्थिंग नव्हतंच. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या, मी ते थंडीमुळे समजायचो. ते त्यांनीच येऊन नीट करून दिलं, पैसे घेतले नाहीत.

तुमच्या ४१ च्या नोंदीत तपशील उघडून ‘बगचेककोड’ पाहा. शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळालेला नाही. २९२ वगैरे आकडा असेल तर निळा पडदा येऊन गेलाय, तुम्हाला दिसला नाही इतकंच. तो आकडा इथे टाका, आणि बोर्ड कोणी बसवला होता तेही सांगा.