दिवाडीला जाताना जाड पुस्तकंच ने

प्रिय पोरी,

तुझं पत्र परवा मिळालं. मे महिनाभर मावशीकडे गोव्यातल्या दिवाडीला जाणार आहेस, सोबत न्यायला पाच जाडजूड फँटसी कादंबऱ्या काढून ठेवल्यास, आणि पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात विचारलंयस, "बाई, की काहीतरी चांगलं वाचू?" ते शेवटचं वाक्य आधी खोडून टाक. जादूगार आणि ड्रॅगन आवडतात यात लाजण्यासारखं काही नाही. मराठी कादंबरी अगदी कोवळी होती तेव्हाच ती अद्भुतात रमली होती. 'मुक्तामाला' १८६१ची, 'मंजुघोषा' १८६८ची. पाचही पुस्तकं ने, आणि चोरून नाही, सगळ्यांसमोर वाच.

मात्र शर्यत लावू नकोस. तुझ्या वयाची असताना मी एक तीन खंडांची कादंबरी चार दिवसांत संपवली होती. कोण मेलं तेवढंच लक्षात राहिलं. ती माणसं खायची काय, मीठ कुठून आणायची, यातलं एक अक्षर आठवेना. याचं मला अजून वाईट वाटतं.

दिवाडीच्या उन्हात घाई तशीही होत नाही. मांडवीच्या मधोमध असलेलं बेट, सकाळी दहानंतर अंगाला नुसत्या धारा. बाल्कांवच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, बाकावर भिंतीच्या गारव्याला पाठ टेकून बस. मानकुराद खाल्लास की हात साबणानं धुऊन मगच पुस्तकाला लाव. आंब्याच्या रसानं चिकटलेली पानं सुटी करताना अक्षरंच निघून येतात.

पाचांत अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांची, अर्थसी नावाच्या काल्पनिक बेटांच्या जगातली कादंबरी आहे, ती पहिली घे. १९६८ची आहे. बाईंनी आधी बेटांचा नकाशा काढला आणि मग त्या नकाशात गोष्ट शोधली. तिथल्या जादूगाराला वाटेल तेव्हा पाऊस पाडता येत नाही असं नाही, पण इथे पाडला तर दुसऱ्या बेटावरचं हवामान बिघडतं. म्हणून खरा जाणता जादूगार हात आखडता ठेवतो.

हे वाचून झालं की पुस्तक मिटून संध्याकाळी पाचच्या सुमारास खाजनाच्या, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधावर जा. एका बाजूला नदीचं खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची जमीन, मध्ये तेवढा मातीचा बांध. त्यात एक लाकडी दार असतं, त्याला मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्या दाबानंच ते मिटतं, ओहोटीला आपसूक उघडतं आणि शेतातलं पाणी नदीत जाऊ देतं. माणसानं हातही लावायचा नसतो. उकिडवी बसून एकदा भरती बदलताना बघ. आधी फळीच्या कडेनं बुडबुडे येतात, मग पाण्यातली काटकी क्षणभर थबकते आणि उलटी फिरते.

मानसाशी मासळी चांगली मिळते. कुणी जास्तीच्या मासळीसाठी भरतीतही दार उघडं ठेवलं, तर खारं पाणी शेजाऱ्याच्या शेतात शिरतं. कोरगुट भात खारटपणा बराच सोसतो, पण त्यालाही मर्यादा आहे. ले ग्विनबाईंचा जादूगार कशाला घाबरतो, ते तुला तिथे पायाखाली दिसेल. म्हणून प्रत्येक कादंबरीत मला एकच गोष्ट शोधून सांग: या जगातला बांध कोण घालतो? काही लेखक राजांच्या सात पिढ्या सांगतात आणि हे मात्र विसरतात. ज्यांना ते ठाऊक असतं, त्यांच्या राज्यावर माझा विश्वास बसतो.

बेटाचा नकाशाही काढ. फेरीचे धक्के, पिएदादची टेकडी आणि वरचं चर्च, आणि उत्तरेला नदीपलीकडे नार्वे गाव. सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान दिवाडीवर होतं. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर देव नार्व्याला गेला, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८मध्ये शिवाजी महाराजांनी केला. नदी ओलांडून गेलेला देव! एखाद्या रविवारी मावशीला घेऊन त्याच वाटेनं फेरीतून जाऊन ये.

नकाशा पावसाआधी पाठव, पहिल्या सरीनंतर बांधावर चिखल होतो आणि वाटा बदलतात. अर्थसीचा पुढचा भाग मी कपाटातून काढून ठेवलाय.

तुझ्या,
बाई